लाखेच्या लेपाखालचे वाङ्मय

खासबाग (बेळगाव) : बेळगावच्या दक्षिण अंगाची खासबाग, वडगाव आणि शहापूर ही उपनगरे विणकरांची म्हणून ओळखली जातात. येथील जुन्या विणकराला साडीच्या काठावरची नक्षी दाखविली, की तो तिचे नाव सांगतो. ज्याला हे नाव ठाऊक असते, त्याला तो काठ वाचता येतो. ज्याला ठाऊक नसते, त्याच्या लेखी ती निव्वळ शोभा. बेळगावहून आंबोलीचा घाट उतरून सावंतवाडीच्या बाजारात गेलेल्या गिऱ्हाइकाचीही आज नेमकी हीच गत होते. समोर लाल, पिवळ्या, काळ्या रंगात झळकणारी तबके, डब्या, चौरंग आणि वाटोळे पत्ते मांडलेले असतात. त्यांवर मासा, कासव, परशू, कमंडलू काढलेले दिसतात. वस्तू आवडते, विकत घेतली जाते आणि दिवाणखान्यात मांडली जाते. तिच्यावर काय लिहिले आहे, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही.

‘लिहिले आहे’ हा शब्द येथे जाणूनबुजून योजला आहे. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा ही पुराणकथेवर उभी राहिलेली कला आहे आणि तिचे पत्ते पोथीच्या पानांप्रमाणे वाचायचे असतात. साहित्य अशा रीतीने लाखेच्या झळाळीत गोठवून ठेवण्याची प्रथा जगात अन्यत्रही आहे. तिचे सर्वांत नावाजलेले उदाहरण म्हणजे जपानमधील लेखनपेट्या. या दोन परंपरा शेजारी ठेवून पाहिल्या, की सावंतवाडीच्या पत्त्यांपुढचा खरा पेच नीट उमगतो.

लाख आणि लाखोटा

मराठीत लाखेचे आणि लेखनाचे नाते जुने आहे. ते ‘लाखोटा’ या एका शब्दातच सामावले आहे. पत्र गुंडाळून त्यावर वितळलेली लाख ओतायची आणि तिच्यावर शिक्का उमटवायचा, म्हणजे ते वाटेत कोणी फोडले तर कळावे. अशा बंद पत्राला लाखोटा म्हणत. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातील पहिला समास लेखनक्रियेलाच वाहिला आहे. अक्षर कसे असावे येथपासून बरू, शाई, कागद, पुस्तक जपण्यासाठी बासने आणि पेट्या येथपर्यंत त्यात बारकाईने सांगितले आहे. त्या सामग्रीत हिंगुळाबरोबर अळित्याचाही समावेश आहे. अळिता म्हणजे लाखेपासून मिळणारा तांबडा रंग. शिवकालीन राज्यव्यवहारकोशाच्या दहा वर्गांपैकी एक वर्ग लेखनाचा आहे. कलमदान, दौत, बोरू, चाकू आणि ओली शाई टिपण्यासाठी लागणारी वाळू हा कारकुनाचा नित्याचा सरंजाम होता. चिटणीस, फडणीस अशी घराणी या सरंजामावरच उभी राहिली.

तरीही आपल्याकडे कलमदान हे कवितेचे वाहन झाले नाही. ते काम जपानमध्ये झाले.

पेटीचे झाकण आणि झाकलेली कविता

जपानी भाषेत लेखनपेटीला ‘सुझुरिबाको’ म्हणतात. सुझुरि म्हणजे शाई उगाळण्याचा दगड. पेटीत हा दगड, काजळीची घट्ट वडी, पाण्याचे थेंब सोडणारे इवलेसे भांडे, कुंचले आणि छोटा चाकू असा संच असतो. चंदन उगाळावे तशी वडी दगडावर उगाळून शाई करायची आणि मग लिहावयास बसायचे. कागदासाठी वेगळी पेटी आणि लिहिण्यासाठी बुटके मेज अशी जोडही पुष्कळदा असे. कवितेच्या बैठकीत हा संच मानाने मांडला जाई.

लेखनाची पेटी असल्याने तिच्यावर साहित्यातलेच चित्र यावे, हे ओघानेच आले. मात्र चित्रकाराने एक गमतीचा दंडक पाळला. कथा पूर्ण सांगायची नाही. खूण तेवढी ठेवायची. टोकियो राष्ट्रीय संग्रहालयात ओगाता कोरिन या अठराव्या शतकाच्या प्रारंभी होऊन गेलेल्या कलावंताची एक लेखनपेटी आहे. तिच्यावर शिंपल्याच्या तुकड्यांनी जडविलेली आयरिसची फुले आहेत आणि शिशाच्या पत्र्याचा वेडावाकडा पूल पेटीभोवती फिरला आहे. माणूस एकही नाही. परंतु ‘इसे मोनोगातारी’ हा जुना ग्रंथ वाचलेल्याला फुले आणि पूल एवढे पुरेसे होते. राजधानी सोडून दूर निघालेला नायक अशाच एका पुलापाशी थांबतो, फुले पाहतो आणि घरी राहिलेल्या पत्नीच्या आठवणीने कविता रचतो. त्या कवितेच्या पाच चरणांची आद्याक्षरे जुळविली, की त्या फुलाचे नाव तयार होते. पेटी उघडणाऱ्याने हे सारे मनात म्हणावे, अशी कारागिराची अपेक्षा असे.

कोरिनच्या आधी होऊन गेलेल्या होनामी कोएत्सु याने याहून पुढची खेळी केली. सतराव्या शतकातील त्याच्या पेटीचे झाकण डोंगरासारखे फुगीर आहे. होड्या जोडून केलेल्या पुलाची एक जुनी प्रेमकविता त्याने झाकणावर चांदीच्या अक्षरांत बसविली, पण त्यातून ‘होड्यांचा पूल’ हे शब्दच गाळले. त्या शब्दांची जागा झाकणावरून आडव्या गेलेल्या शिशाच्या पट्टीने घेतली आहे. पट्टी म्हणजेच पूल. ज्याला कविता पाठ आहे, तोच ओळ पूर्ण करू शकतो.

साहित्य आणि संसार यांची सर्वांत हृद्य गाठ मात्र नागोयाच्या तोकुगावा कला संग्रहालयातील रुखवतात पडली आहे. १६३९ साली शोगुन तोकुगावा इएमित्सु याची मुलगी चियोहिमे हिचा विवाह झाला, तेव्हा ती जेमतेम अडीच वर्षांची होती. तिच्यासाठी कोआमी नागाशिगे या नामांकित कारागिराने जो सरंजाम घडविला, त्यात लेखनाच्या वस्तूही होत्या. नक्षीसाठी विषय निवडला तो मुरासाकी शिकिबू हिने अकराव्या शतकाच्या आरंभी लिहिलेल्या ‘गेंजी मोनोगातारी’ या कादंबरीतील ‘हात्सुने’ या प्रकरणाचा. हात्सुने म्हणजे नव्या वर्षात पक्ष्याने लावलेला पहिला सूर. या प्रकरणात पोटच्या मुलीपासून दूर ठेवलेली एक आई नववर्षाच्या दिवशी तिला भेटी पाठविते आणि सोबत, निदान पक्ष्याचा पहिला सूर तरी ऐकू यावा, अशा आशयाची कविता धाडते. त्या कवितेची अक्षरे नागाशिगे याने सोन्याच्या झाडाझुडपांत आणि खडकांत लपवून ठेवली आहेत. आईबापांपासून दूर निघालेल्या तान्ह्या वधूच्या सामानावर हेच प्रकरण असावे, यामागची भावना उलगडून सांगण्याची गरज नाही. प्रकरण ठाऊक नसेल तर मात्र त्या पेटीवर केवळ झाडे, पक्षी आणि पुष्कळ सोने दिसते.

एक नाव, दोन द्रव्ये

या जपानी कामाला आपण सरसकट ‘लाखकाम’ म्हणतो, पण तेथे आपली लाख नसते. आपली लाख हे कीटकाचे देणे. पळस, कोशिंब, बोर अशा झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर लाखेचे किडे वसती करतात आणि त्यांच्या अंगातून पाझरलेल्या राळेचे कवच फांदीवर चढते. ते खरवडून, धुऊन, वितळवून लाख तयार होते. ती उष्णतेने मऊ होते आणि थंड झाल्यावर घट्ट. लाकूड चरकावर फिरत असताना रंगीत लाखेची कांडी त्यावर दाबली, की घर्षणाच्या उष्णतेने ती वितळून लाकडाला बिलगते.

जपानी ‘उरुशी’ हा वृक्षाचा चीक आहे. झाडाच्या सालीवर चिरा पाडून तो थेंबाथेंबाने गोळा करतात. एका झाडाला चीक येण्याजोगे व्हायला दहा-पंधरा वर्षे लागतात आणि हाती येतो तो सुमारे २०० ग्रॅम. ताजा चीक अंगाला लागला तर कातडीवर फोड उठतात. त्याची सर्वांत नवलाची गोष्ट म्हणजे तो कोरड्या हवेत वाळत नाही. कोकणातल्या आषाढासारखी दमट हवा, म्हणजे सत्तर-ऐंशी टक्के आर्द्रता, त्याला लागते. अशा हवेत त्याच्यातील विकराची क्रिया होऊन तो टणक होतो आणि एकदा टणक झाला, की उष्णतेने पुन्हा वितळत नाही. असे पातळ थर एकावर एक चढवितात आणि प्रत्येक थर घासून गुळगुळीत करतात. मग ओल्या चिकाने चित्र काढून त्यावर सोन्याची पूड भुरभुरतात. याच तंत्राला ‘माकी-ए’ म्हणतात. शब्दाचा अर्थच मुळी शिंपडलेले चित्र असा होतो.

द्रव्ये वेगळी असली तरी नाव एकच कसे पडले, याचे उत्तर गोव्याच्या वाटेवर सापडते. संस्कृत ‘लाक्षा’ आणि तिच्यापासून आलेली ‘लाख’ पोर्तुगिजांच्या तोंडी ‘लाका’ झाली. त्यांना पूर्वेकडे जे जे झळाळते लेपकाम दिसले, त्याला युरोपच्या भाषांतून हेच नाव चिकटले. १५४९ साली सेंट फ्रान्सिस झेवियर गोव्याहूनच जपानला निघाले होते. पुढे नागासाकी, मकाव, मलाक्का, गोवा या सागरी मार्गाने जपानी लेपकामाच्या पेट्या आणि चर्चमधील ग्रंथ ठेवण्याची पीठे पश्चिमेकडे जाऊ लागली. त्यांवरील दाट शिंपलेकामावर गुजरातेतील शिंपलेकामाचा प्रभाव होता, असे मानले जाते. गोव्याच्या व्हाइसरॉयने १५८८ साली जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याला लिहिलेले सचित्र पत्र आजही क्योतो येथे राष्ट्रीय ठेवा म्हणून जपलेले आहे.

सावंतवाडीचे दहा राजे

गोव्याला लाखकाम परके नाही. कुंकळ्ळीच्या चितारी कारागिरांचे पाट, चौरंग आणि पाळणे गोमंतकीय घरांतून पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहेत. सावंतवाडीतही हे काम चितारी समाजाकडेच होते आणि तेथील चितार आळी आजही त्यांचे नाव मिरविते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत पेडण्यासारखा मुलूख सावंतवाडीकर भोसल्यांच्या अमलाखाली होता, हे लक्षात घेतले म्हणजे सीमेच्या दोन्ही बाजूंना चव, बोली आणि दशावतारी नाटके सारखी का, हे निराळे सांगावे लागत नाही.

गंजिफा हा खेळ मुळात इराणकडून आला. बाबराने १५२७ साली सिंधमधील आपल्या एका स्नेह्याला गंजिफाचा संच पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. मोगली संचात आठ रंगांचे मिळून ९६ पत्ते असत. हा खेळ दक्षिणेत आणि पूर्वेत रुजला, तेव्हा येथील लोकांनी त्याला आपल्या पुराणात बसविले. मोगली संचातील ताज, तलवार, मोहरा या रंगांच्या जागी विष्णूचे दहा अवतार आले आणि पत्त्यांची संख्या १२० झाली. प्रत्येक अवताराचे बारा पत्ते असतात. पहिला राजा, म्हणजे स्वतः अवतार. दुसरा प्रधान, बहुधा घोड्यावर बसलेला. आणि पुढे एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा. मत्स्याच्या पत्त्यांवर मासे, कूर्माच्या पत्त्यांवर कासवे, परशुरामाच्या पत्त्यांवर परशू अशा खुणा असतात. काही अवतारांच्या खुणा प्रांतानुसार पालटतात. जयदेवाच्या गीतगोविंदाच्या आरंभी दशावतारांची स्तुती येते, दशावतारी नाटकात त्यांची सोंगे येतात. पत्त्यांत ते आले आणि माणसांच्या हातात खेळू लागले.

पत्ता तयार करण्याची कृती सोपी दिसली तरी वेळखाऊ आहे. कापडाचे किंवा कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने एकमेकांना चिकटवितात. त्यावर खडूचा लेप देऊन गुळगुळीत दगडाने तो घोटतात. मग वाटोळे तुकडे कापून बारीक कुंचल्याने चित्रे काढतात आणि शेवटी लाखेचा हात फिरवितात. या अखेरच्या हातामुळे पत्ता चकाकतो आणि हातांच्या घामाने खराब होत नाही.

खेळ बहुधा तिघांचा. प्रत्येकाच्या वाट्याला ४० पत्ते येतात. दिवसा खेळ मांडला तर उतारी रामाच्या राजाची आणि रात्री मांडला तर कृष्णाच्या राजाची. पाच अवतारांत प्रधानाखालोखाल दश्शी मोठी आणि एक्का सर्वांत हलका. उरलेल्या पाचांत हा क्रम उलटा. त्यामुळे कोणता अवतार कितवा आणि कोणत्या गटातला, हे पाठ असल्याशिवाय पत्ता टाकताच येत नाही. आजोबांच्या मांडीशी बसून खेळ पाहणाऱ्या पोराला अवतारांचा क्रम कधी पाठ झाला, हे त्याचे त्यालाही कळत नसे.

विसाव्या शतकात इंग्रजी बनावटीचे बावन्न पत्ते स्वस्तात घरोघरी पोहोचले आणि गंजिफा मागे पडली. सावंतवाडीत ती जवळजवळ संपली असता शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी पुढाकार घेतला. जुनी विद्या जाणणारे वयोवृद्ध पुंडलीक चितारी यांच्याकडून सत्त्वशीलादेवींनी स्वतः हे काम शिकून घेतले. १९७१ साली राजवाड्यात ‘सावंतवाडी लॅकरवेअर्स’ची स्थापना झाली आणि तरुण कलाकार तेथे शिकून हे काम करू लागले. आता सावंतवाडीच्या गंजिफाला भौगोलिक मानांकनही लाभले आहे.

कला वाचली, खेळ विसरला

येथेच मूळ प्रश्न उभा राहतो. हात वाचले, कुंचला वाचला, रंग वाचले. खेळ मात्र परतला नाही. आजचे बहुतेक संच चौकटीत बसविण्यासाठी किंवा भेट देण्यासाठी विकत घेतले जातात. त्यावरची चित्रे तबकांवर आणि डब्यांवर उतरली, त्यामुळे कारागिराला काम मिळाले, हे खरेच. पण न खेळता ठेवलेला १२० पत्त्यांचा संच हा न उघडलेल्या पोथीसारखा आहे.

जपानमध्ये याच्या नेमके उलट घडले. पोर्तुगीज खलाशांनी सोळाव्या शतकात तेथे पत्ते नेले. पोर्तुगीज ‘कार्ता’ हा शब्द जपानीत ‘कारुता’ झाला. जपान्यांनीही मग आपल्यासारखेच केले आणि परक्या पत्त्यांत स्वतःचे साहित्य भरले. तेराव्या शतकात संकलित झालेल्या शंभर कवींच्या शंभर कवितांचे २०० पत्ते केले. एकाने कविता म्हणायला सुरुवात करायची आणि इतरांनी तिच्या उत्तरार्धाचा पत्ता झडप घालून उचलायचा. कविता पाठ असलेला खेळाडू पहिल्या एक-दोन अक्षरांतच पत्ता ओळखतो. हा खेळ आजही नववर्षाला घरोघरी मांडला जातो, शाळाशाळांतून त्याची मंडळे आहेत आणि दर जानेवारीत ओत्सु येथील मंदिरात विजेतेपदाचे सामने होतात. जुन्या कवितांच्या संकेतांशी परिचय असलेला हा वर्ग तयार होत राहतो, म्हणून कोरिनच्या पेटीवरची फुले आजही बोलतात.

जपानी कारागिरांचे सारे सुरळीत आहे, असा याचा अर्थ नव्हे. तेथे वापरली जाणारी बहुतांश उरुशी चीनमधून येते. राष्ट्रीय ठेव्यांच्या दुरुस्तीसाठी देशी चीकच वापरावा, असे धोरण सरकारला आखावे लागले. १ जानेवारी २०२४ रोजी झालेल्या भूकंपाने वाजिमा या लेपकामाच्या प्रसिद्ध गावातील अनेक कार्यशाळा उद्ध्वस्त केल्या. परंतु तेथील अडचण मालाची आणि मनुष्यबळाची आहे. आपल्याकडे त्याखेरीज वाचकाचीही अडचण आहे.

ही अडचण सुटण्याजोगी आहे, कारण लागणारे साहित्य सारे जवळच आहे. दशावतारी नाटकांचा प्रेक्षक सिंधुदुर्गात, पेडण्यात आणि बेळगाव सीमाभागात टिकून आहे. त्याला अवतार शिकवावे लागत नाहीत. खेळाचे नियम एका पानात मावतात. ते पान मराठीत सुबकपणे छापून प्रत्येक संचाबरोबर दिले आणि शाळांना सुटीत खेळण्यासाठी साध्या छपाईचे स्वस्त संच मिळाले, तर हाताने रंगविलेल्या संचाचे मोल ओळखणारा गिऱ्हाईकही त्यातूनच घडेल. पूर्वीही दरबारी आणि बाजारी अशा दोन प्रतींत गंजिफा तयार होत असे. थोरांच्या घरी सोनेरी वेलबुट्टीचा संच, सामान्यांच्या घरी साधा. खेळ मात्र दोन्हीकडे एकच. बाजारी प्रत नाहीशी झाली आणि दरबारी प्रतीला खेळाडू उरला नाही.

ज्यांच्या घरी लाखकामाच्या वस्तू आहेत, त्यांनी एवढे जरूर लक्षात ठेवावे. आपली लाख उष्णतेने मऊ पडते आणि पाणी साचून राहिल्यास पांढरी पडते. म्हणून गरम कपबशी थेट तबकावर ठेवू नये, वस्तू उन्हात ठेवू नये आणि पावसाळ्यात ओल्या फडक्याऐवजी कोरड्या मऊ कापडाने पुसावी. आणि घरात गंजिफाचा संच असेल, तर तो चौकटीतून काढून एकदा जमिनीवर मांडावा. दिवस असेल तर रामाचा राजा ज्याच्या हाती असेल, त्याने पहिली उतारी करावी.